गच्चीवरच्या बाटल्या कोणाच्या?

शनिवार

शिंदे, सेक्रेटरी (बी-१०१): 📷 फोटो
बी विंगच्या गच्चीवर दोन कापलेल्या बाटल्या विटांमध्ये खोचून ठेवल्यात, आत पाणी. कोणाच्या आहेत? महापालिकेची माणसं डासांच्या तपासणीला आली तर नोटीस सोसायटीच्या नावाने निघते. संध्याकाळपर्यंत उचला, नाहीतर वॉचमनला सांगतो.

सुनीता काकू (ए-२०१): उचलाच. मागच्या वर्षी आमच्याकडे डेंग्यू झाला तेव्हा प्लेटलेट्ससाठी रात्री अकराला रक्तपेढ्या पालथ्या घातल्यात आम्ही.

मीनल (बी-४०४): शिंदेसाहेब, मुलांच्या आहेत. पर्जन्यमापक आहे तो. अर्णव, ईरा आणि तबस्सुमताईंचा जुनैद रोज सकाळी साडेआठला वर जाऊन मोजतात आणि पाणी ओतून देतात. एक दिवसाच्या वर पाणी राहतच नाही त्यात.

रोहन (ए-५०३): साडेआठच का? नऊला जा की निवांत 😄

देशपांडे काका (ए-३०२): रोहन, साडेआठच. आम्ही वेधशाळेत आयुष्यभर तेच केलं. भारतीय वेळेचे साडेआठ म्हणजे ग्रिनिचचे पहाटेचे तीन, ती निरीक्षणाची ठरलेली वेळ. पेपरात "गेल्या २४ तासांत" असं छापून येतं ते कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंतचं. मुलांना वेळ मीच सांगितली, बाकी सगळं त्यांचं. बाटलीचा बूड फुगीर-खळग्यांचा असतो, तिथे उंची मोजता येत नाही. ईराने तळाशी खडे घातले, खडे बुडेपर्यंत पाणी ओतलं आणि त्या रेषेला शून्य धरलं. वरचा कापलेला भाग उलटा करून नरसाळं. नरसाळ्याचं तोंड आणि बाटली एकाच मापाची, त्यामुळे पट्टीवर जे दिसेल ते सरळ मिलीमीटर. घरातलं मोठं नरसाळं लावलं असतं तर घोटाळा झाला असता. तोंड १० सेंटीमीटरचं आणि बाटली ५ ची असेल तर पाणी चौपट उंच चढतं. मोजून झालं की पुन्हा शून्याच्या रेषेपर्यंत आणून ठेवतात, तेव्हा शिंदे, तळाला जे पाणी दिसतंय ते तेवढंच.

शिंदे, सेक्रेटरी: तळाचं का होईना, पाणी आहेच ना काका.

देशपांडे काका: तेही रोज नवं घालायला सांगतो. पण माझी तक्रार दुसरीच आहे. गच्चीवर वारा जास्त, थेंब तिरके जातात, माप कमी भरतं. पर्जन्यमापक मोकळ्या जमिनीवर हवा, भिंती-झाडांपासून लांब. हे सांगितलं तर पोरांनी एक बाटली बागेत ठेवली आणि ठेवली कुठे, तर गुलमोहराखाली!

मीनल: काका, ते मुद्दाम 🙂 झाड किती पाऊस अडवतं ते बघायचं होतं त्यांना. भुरभुर असली तर खाली जवळपास कोरडं. आणि गच्चीवर दोन बाटल्या शेजारीशेजारी आहेत त्याही मुद्दाम. अर्णवचं म्हणणं, दोन्हींत एकसारखं येत नसेल तर शिवाजीनगर वेधशाळेच्या आकड्याशी भांडायचं कुठल्या तोंडाने?

रोहन: मोबाईलवर दिसतो की पाऊस. त्यासाठी विटा कशाला?

देशपांडे काका: मोबाईलवर दिसतो तो आपल्या गच्चीवरचा नव्हे. सिमला ऑफिसात पडलेला पाऊस आणि सिंहगड रोडचा पाऊस यांत एकाच दुपारी जमीन-अस्मानाचं अंतर असतं. (आजकालच्या मुलांना सिमला ऑफिस म्हणजे बसचा स्टॉप वाटतो. हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं १९२८ साली, त्यावरून ते नाव. पुढे १९४४ ला मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव इथेच राहिलं.)

किरण (ए-१०४): छान उपक्रम 👏👏 याचं सर्टिफिकेट मिळतं का? आमचा सहावीत आहे, होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला बसवायचंय.

मीनल: नाही हो, सर्टिफिकेट वगैरे काही नाही.

किरण: अच्छा.

पवार, चेअरमन (ए-६०१): होमी भाभात कृतिसंशोधनाचा प्रकल्पही असतो. आमच्या मुलीच्या वेळी क्लासवाल्यांनी तयार फाईल दिली होती, हिला आत काय आहे हेच माहीत नव्हतं. तुमच्या मुलाला पाठवा गच्चीवर.



रविवार

तबस्सुम (बी-३०१): काल बाटल्यांवरून ओरडा बसला तर आमचं चिरंजीव पेटून उठलं. तिघं टॉर्च घेऊन सोसायटीभर फिरले, अळ्या कुठे आहेत ते शोधायला. पावसाच्या बाटल्यांत नाहीत. सापडल्या त्या जागा अशा: वॉचमन केबिनमागचा टायर. पार्किंगमध्ये सिमेंटच्या गोण्यांवर टाकलेल्या ताडपत्रीची घडी. चार घरांच्या कुंड्यांखालच्या ताटल्या. आणि एका घरी फ्रिजच्या मागचा ट्रे. (घर कोणाचं ते सांगणार नाही, माझंच असू शकतं 🙈)

सुनीता काकू: टायर मी केव्हापासून सांगतेय!!

तबस्सुम: टायरमधल्या थोड्या अळ्या काचेच्या बरणीत आणल्यात, तोंडाला ओढणीचा तुकडा आणि रबरबँड. घाबरू नका, बघून झालं की कोरड्या मातीत ओतणार आहोत. मी स्वतः पहिल्यांदा नीट बघितल्या. काचेला टिचकी मारली की सगळ्या वळवळत तळाला जातात, मग एकेक वर येते आणि शेपटीकडची नळी पाण्याबाहेर काढून उलटी लटकते. जुनैद म्हणाला, श्वास घेतायत. मग पाण्यावर गोडं तेल सोडून बघितलं. नळी वर टेकवतात, पण हवा मिळत नाही, पुन्हा पुन्हा येऊन धडकतात. नंतर वर यायच्याच बंद झाल्या.

सुनीता काकू: आमच्या लहानपणी गटारात रॉकेल टाकायला यायचे ते त्यासाठीच तर. वास यायचा दोन दिवस.

डॉ. नेहा (बी-६०२): तबस्सुम, बरणी फार दिवस ठेवू नका, या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात ते याच हिशोबाने. आणि सगळ्यांसाठी एक: ताटलीतलं पाणी नुसतं ओतून भागत नाही. डेंग्यूचा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो. सुकली तरी ती महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. काथ्याने घासा.

तबस्सुम: नेहाताई, एक विचारायचं होतं. मुलांकडे दुसरी बरणी आहे, त्यातल्या अळ्या लटकत नाहीत. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडून असतात. वेगळ्या असतात का?

डॉ. नेहा: हो. आडव्या म्हणजे ॲनाफिलीस, मलेरियाचा डास. कुठे मिळाल्या?

तबस्सुम: बी विंगच्या वरच्या जुन्या टाकीत. झाकणाला फट आहे, शिडीवर उभं राहून मगाने पाणी काढलं अर्णवच्या बाबांनी. मुलं खालीच होती.

डॉ. नेहा: शहरात ॲनाफिलीसचा एक प्रकार नेमका गच्चीवरच्या टाक्यांत आणि विहिरींत वाढतो. त्याला स्वच्छ पाणी चालतं. झाकण घट्ट हवं.

सुनीता काकू: म्हणजे बाटल्यांवरून आकांडतांडव आणि डास आपल्याच टाकीत. शिंदे?

शिंदे, सेक्रेटरी: झाकणाचं कोटेशन दोन महिन्यांपूर्वी ग्रुपवर टाकलं होतं. कोणी उत्तर दिलं नाही. उद्या नवं झाकण येतंय. तोवर जाळी बांधून घेतो. टायर आत्ता उचलला.

रोहन: जुन्या टाकीत गप्पी मासे सोडले तर?

शिंदे, सेक्रेटरी: ते पाणी बी विंगच्या फ्लशला जातं. नको.

मंगळवार

मीनल: 📷 फोटो
ईराच्या वहीचं पान. काल रात्रीचा पाऊस २४ मिलीमीटर, दोन्ही बाटल्यांत. तिने आणि जुनैदने टेप लावून गच्ची मोजली. ३० मीटर बाय १८, म्हणजे ५४० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर, हे तिला वहीत करून बघेपर्यंत पटत नव्हतं. ५४० गुणिले २४, १२,९६० लिटर. एका रात्रीत, एका विंगवर.

पवार, चेअरमन: मे महिन्यात दहा हजार लिटरच्या टँकरला आपण काय मोजतो ते सगळ्यांना माहीत आहे.

देशपांडे काका: सगळं हाती लागत नाही. स्लॅब भिजतो, थोडं उडून जातं, थोडं कठड्यावरून बाहेर. शंभरातलं ऐंशी धरा. १०,३६८ होतं. तरी टँकर भरला.

रोहन: पण आपलं रेन वॉटर हार्वेस्टिंग आहे ना? बिल्डरने दाखवलं होतं. गच्चीचे पाईप बोअरच्या शोषखड्ड्यात जातात.

मीनल: ईराचा पुढचा प्रश्न तोच आहे. ती म्हणते, एवढं पाणी खड्ड्यात गेलं तर रात्रभर पार्किंगच्या गेटपाशी तळं कसलं साचलं होतं? सकाळी तिघांनी कागदाच्या होड्या सोडल्या. सगळ्या गेटबाहेरच्या गटाराकडे. शोषखड्ड्याच्या जाळीपाशी एकही गेली नाही.

पवार, चेअरमन: शिंदे, खड्डा शेवटचा कधी साफ केला होता?

शिंदे, सेक्रेटरी: माझ्या आधीच्या कमिटीला विचारावं लागेल.

सुनीता काकू: आधीच्या कमिटीत आमचे हेच होते. विचारलं. म्हणतात, खड्डा कुठेय ते माहीत होतं, उघडला नाही कधी.

देशपांडे काका: वर जाड वाळू, मध्ये खडी, खाली दगड असं असायला हवं. इतक्या वर्षांत वरची वाळू मातीने थिजली असणार. खरवडून धुवावी लागेल. पाईपच्या तोंडाला पहिल्या पावसाचं गढूळ पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह आहे का तेही बघा. नसला तर बोअरमध्ये गच्चीवरची कबुतरांची घाण जाईल.

शिंदे, सेक्रेटरी: प्लंबर रविवारी दहाला येतोय, चेंबर उघडणार. ज्यांच्या गाड्या गेटजवळ लागतात त्यांनी आदल्या रात्रीच हलवा. बी-२०३, तुमची लाल गाडी विशेष.

तबस्सुम: शिंदेभाई, जुनैद विचारतोय, चेंबर उघडाल तेव्हा आत काठी घालून मातीचा थर किती जाड आहे ते मोजू द्याल का? आणि साफ केल्यावर एक बादली ओतून, पाणी मुरायला किती वेळ लागतो तेही.

शिंदे, सेक्रेटरी: मोठ्या माणसाचा हात धरून, वरूनच. आत डोकावायचं नाही. आणि बादली स्वतःच्या घरची आणा.