‘स्टेशन 15 मिनिटांवर’ : घोडबंदर रोडवाल्यांनो, एकदा मोजा तरी

नौपाडेकर : कालचा ‘घोडबंदर रोड : मुंबईकरांनो, जळा’ हा धागा वाचला. म्हणे मुंबईतल्या वन बीएचकेच्या पैशात इथे थ्री बीएचके, मागे येऊरचं जंगल, पुढे खाडी, चोवीस तास पाणी आणि ठाणे स्टेशन 15 मिनिटांवर. नावं ठेवतात ते सगळे न परवडणारे. बरं. कासारवडवलीहून स्टेशन दहाएक किलोमीटर. वाटेत वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा. पहाटे पाचला पोचालही पटकन. सकाळी आठला तेवढा वेळ कापूरबावडीच्या अलीकडेच जातो. कारण हा रस्ता कॉम्प्लेक्सचा नाही, जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरचा आहे. गायमुखच्या चढावर एक ट्रेलर बसला की मागे रांगच रांग. मग स्टेशनसमोरचा सॅटिस पूल, मग पादचारी पूल, मग कल्याण-बदलापूरहून भरून आलेली फास्ट. ती पकडल्यावर सीएसएमटी पाऊण तास. त्याआधीचा वेळ ब्रोशरमध्ये कुणी धरत नाही.

टॉवर_सी : आयडीवरूनच कळलं कुठून धूर येतोय. स्टेशनजवळच्या जुन्या नौपाड्यात चार मजले, लिफ्ट नाही, आणि रात्री नवानंतर गाडी लावायला गल्ल्या धुंडाळायच्या. सगळं जग सीएसएमटीला जात नाही हो. वागळे, ऐरोली, बोरिवलीला कामाला जाणारे स्टेशनचं तोंडही बघत नाहीत. आणि मेट्रो 4 आली की विषयच संपला.

नौपाडेकर : मेट्रो 4 ठाणे स्टेशनला टेकतच नाही. नकाशा उघडा. माजिवडा, कॅडबरी, तीन हात नाका, मुलुंड, पुढे एलबीएस मार्गाने घाटकोपर आणि वडाळा. स्टेशनाला जोडणार ती 29 किमीची वर्तुळाकार मेट्रो, तिला केंद्राची मंजुरीच 2024 च्या ऑगस्टमध्ये मिळाली. तोवर रिक्षाच.

रुळांवरून : टेकत नाही हाच तर फायदा! अंधेरीवाल्याला घाटकोपरला मेट्रो 1 मिळेल, सीप्झवाल्याला कांजूरला मेट्रो 6, ती झाल्यावर. ठाणे स्टेशन टाळणं हीच सोय.

टॉवर_सी : मेट्रोचं जाऊ द्या. रविवारी सकाळी सातला निघून बघा, 20 मिनिटांच्या आत स्टेशन.

नौपाडेकर : आणि पुढे मेगाब्लॉक.

व्हॉल्व्हमन : रस्त्याचं भांडण चालू द्या. मला ‘चोवीस तास पाणी’ खुपलं. नळाला असतं चोवीस तास, पण टाकीत ते कशाने येतं? टँकरने. आणि चलनावर 10,000 लिटर लिहिलं म्हणून तेवढं येतंच असं नाही. जमिनीखालची टाकी आतून 5 बाय 4 मीटर असेल तर क्षेत्रफळ 20 चौरस मीटर. 10,000 लिटरने पातळी 50 सेंटीमीटर चढली पाहिजे. टँकर लागायच्या आधी पालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद, वर चढवणारा पंप बंद, खुणा केलेली काठी टाकून आकडा लिहा. रिकामा झाल्यावर पुन्हा. 43 आलं तर मिळाले 8,600. रोज पाच टँकर घेणारी सोसायटी अशाने 7,000 लिटर न येणाऱ्या पाण्याचे पैसे भरते. आणि टँकर उतारावर तोंड करून उभा राहू देऊ नका. व्हॉल्व्ह मागे असतो, पाणी पुढे साठतं, चालक तेच घेऊन पुढच्या गेटवर जातो.

टॉवर_सी : टाकीत कॉलम असतात, दोन कप्पे असतात. कागदावरचं गणित तिथे चालत नाही.

व्हॉल्व्हमन : कॉलमचं क्षेत्रफळ वजा करा, कप्प्यांमधला व्हॉल्व्ह बंद करा. एवढं अवघड नाही. मीटर बसवलात तरी पाइप पूर्ण भरून वाहील अशा जागी बसवा, म्हणजे मीटरच्या पुढे पाइप वर चढता हवा. नाहीतर शेवटी हवाही लिटरमध्ये मोजली जाते.

गाळसाहेब : मुळात एवढे टँकर लागतात का, ते विचारा. माणशी दिवसाला 135 लिटर धरतात, त्यातले 45 फ्लशचे. 400 फ्लॅट, घरी चार माणसं, म्हणजे 72,000 लिटर. सात टँकर! हे सगळं एसटीपीच्या, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लांटच्या, पाण्यावर भागतं, दुहेरी पाइपही असतात. पण वास येतो म्हणून फ्लशलाही टाकीचंच पाणी जोडतात. वास का येतो? वीजबिल वाचवायला कमिटी रात्री प्लांटमध्ये हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवते. हवा तुटली की घाण खाणारे जिवाणू मरतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. सकाळी बटण दाबलं म्हणून ते परत येत नाहीत, काही दिवस जातात. हवा सोडतात त्या एअरेशन टाकीतलं पाणी एक लिटरच्या मोजपात्रात अर्धा तास ठेवा. गाळ खाली आणि वर नितळ पाणी दिसत नसेल तर प्लांट नावालाच चालू आहे.

व्हॉल्व्हमन : एमबीबीआर पद्धतीचा प्लांट असेल तर ही चाचणी फसवते. तिथे जिवाणू प्लास्टिकच्या चकत्यांना चिकटलेले असतात.

गाळसाहेब : मान्य. तिथे चकत्या बाहेर काढून बघा, तपकिरी थर हवा. गुळगुळीत पांढऱ्या असतील तर प्लांट मेला.

टॉवर_सी : ब्लोअर चोवीस तास फिरवा, महिन्याचा मेंटेनन्स साडेसात हजारांवर न्या, वर 18 टक्के जीएसटी. तो नौपाड्यातून भरणार का?

गाळसाहेब : सोसायटीची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या वर असेल तरच. तुमची असणारच म्हणा, क्लबहाउस आहे ना! पण त्या बिलासमोर सात टँकरचं बिल मांडून बघा आधी.

टॉवर_सी : मांडू. विद्वानांच्या कृपेने काठीही टाकू. लाकडाची चालेल की तिलाही डिग्री लागते?

व्हॉल्व्हमन : लाकडी नको, फुगते आणि खुणा जातात. पीव्हीसी पाइप घ्या, खालचं तोंड उघडं ठेवा, नाहीतर तरंगेल.