फाफ्सा भरायला शाळेतल्या मुलांना मदत करायची आहे. १५० डॉलरांत काय होईल?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. इथे अमेरिकेत आमच्या गावच्या वाचनालयात मी शनिवारी मुलांचा गणिताचा अभ्यास घेते. यंदा तिथल्या बाईंनी गळ घातली की बारावीच्या मुलांना कॉलेजच्या आर्थिक मदतीचा अर्ज, म्हणजे फाफ्सा, भरायला मदत करा. मुलं १४, बहुतेकांच्या घरातून कॉलेजला जाणारं हे पहिलंच. हातात ऑक्टोबरातले तीन शनिवार, दोन लॅपटॉप आणि १५० डॉलर. पैसे कशावर घालू? पुस्तकं, छापील तक्ते, की एखादा वक्ता? माझी लेक अजून सातवीत, त्यामुळे अनुभव शून्य.

जर्सीचा_वाघ
सरळ प्रोफेशनल सल्लागार गाठा. आम्ही लेकाच्या वेळी १,८०० मोजले, एकदाही डोकं लावावं लागलं नाही.

कडूकारलं
वाघोबा, बजेट १५० आहे, तेही १४ मुलांत. आणि फाफ्सातला पहिला 'फ' फुकटातला आहे हो. सरकारी साइटवर एक पैसा लागत नाही.

जर्सीचा_वाघ
शांत झोप लागली, तिची किंमत नाही का?

चकलीचा_काटा
ताई, पहिल्या शनिवारी फॉर्म उघडूच नका. आधी खाती काढून घ्या. मुलाचं एक, पालकाचं वेगळं, दोघांचे ईमेल वेगळे. आमच्या चिरंजीवांनी माझं खातं स्वतःच्याच ईमेलवर काढायचा घाट घातला आणि पुढचे अकरा दिवस आम्ही ते निस्तरत होतो. शाळेचा ईमेल तर नकोच, शाळा संपली की तो बंद होतो.
दुसरं म्हणजे, पालकाने आपल्या खात्यात शिरून करखात्याकडची माहिती घ्यायला संमती द्यावी लागते. त्यांनी टॅक्स भरलेला नसला तरी द्यावी लागते. ती नसेल तर सरकारी मदत शून्य, बाकी फॉर्म कितीही सुंदर भरा.

तांब्याभांडं
+१. खाती आधी काढा. ईमेल वेगळे ठेवा. शाळेचा नको.

सदाशिव_डॉलरपेठ
अवांतर: आमचा कोथरूडचा फ्लॅट यात दाखवावा लागतो का? भाडेकरू चार महिने भाडं देत नाहीये.

कडूकारलं
राहतं घर आणि रिटायरमेंटची खाती धरत नाहीत. दुसरं घर धरतात, मग ते कोथरूडला असो की कॅन्ससला.

सदाशिव_डॉलरपेठ
पण तिकडचं इथे कोणाला कळतंय?

कडूकारलं
फॉर्मवरच लिहिलंय: जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर २०,००० डॉलरपर्यंत दंड, तुरुंग किंवा दोन्ही. करा बचत.

पाटीपेन्सिल
काका, माझ्या १४ मुलांपैकी कोणाचाही कोथरूडला फ्लॅट नाही. 🙂 दोघांचे आईवडील वेगळे राहतात आणि एकीच्या आईकडे सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) नाही, माझे खरे प्रश्न हे आहेत.

अबोली_रंगाची
वेगळे राहत असतील तर मागच्या बारा महिन्यांत ज्याने जास्त खर्च उचलला त्याची माहिती. पूर्वी मूल ज्याच्याकडे जास्त दिवस राहिलं त्याची घेत. नियम २०२४-२५ च्या फॉर्मपासून बदललाय, जुने तक्ते छापू नका.
नंबर नसलेल्या आईलाही खातं काढता येतं. मुलगी नागरिक असेल तर ती अर्ज करू शकते, आईची कागदपत्रं आड येत नाहीत. फक्त हे प्रश्न वर्गात सगळ्यांसमोर विचारू नका, एका कोपऱ्यात खुर्ची टाका.

जुनाजाणता
आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी टीए, म्हणजे कॉलेजातच शिकवण्याची नोकरी, करून शिकलो, जेवणही एकवेळ.

तांब्याभांडं
सीएसएस प्रोफाइल, म्हणजे कॉलेजांच्या स्वतःच्या मदतीसाठीचा वेगळा अर्ज, विसरू नका! बऱ्याच खाजगी कॉलेजांना ते लागतं. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. आम्ही ११ कॉलेजं केली.

अबोली_रंगाची
घरचं उत्पन्न १,००,००० डॉलरपर्यंत असेल तर ते फुकट असतं. ताईंच्या मुलांना बहुधा लागणार नाही.

पेढेवाला_भाऊ
सगळे फॉर्मचंच बोलताय. आमची फजिती फॉर्म भरून झाल्यावर झाली. भाच्याला पत्र आलं, '४०,००० ची मदत', आणि आम्ही पेढे वाटले. नीट वाचलं तर त्यातले २२,००० पालकांच्या नावावरचं कर्ज! पत्रात अनुदान आणि कर्ज एकाच रकान्यात, बेरीज एकच. मुलांना हे शिकवा: ग्रँट परत द्यायची नसते, लोन द्यायचं असतं, वर्क-स्टडीचे पैसे काम केलं तरच मिळतात. पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मिळणारं सरकारी अनुदान, २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावरचं सरकारी कर्ज पहिल्या वर्षी साधारण ५,५०० पर्यंतच, त्यामुळे वरचा मोठा आकडा कुठून येतोय ते शोधायचं. यासाठी वसंतात एक शनिवार राखून ठेवा.

जर्सीचा_वाघ
सल्लागार असता तर पेढे वाया गेले नसते.

चकलीचा_काटा
आणि २०२६-२७ च्या फॉर्मला उत्पन्न २०२४ चं लागतं. नंतर कोणाची नोकरी गेली असेल तर फॉर्ममध्ये आकडे बदलायचे नाहीत, फॉर्म भरून झाल्यावर कॉलेजच्या मदत कार्यालयाला पत्र लिहायचं. हे कोणी आपणहून सांगत नाही.

तांब्याभांडं
शनिवार सकाळच ठेवा, मुलं ताजी असतात.

कडूकारलं
शनिवारला अनुमोदन. आणि पिझ्झा. पिझ्झ्याशिवाय सतरा वर्षांचं पोर येत नाही.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. चकलीताईंचं वाचून मी मुलांना फक्त एकच विचारलं: आई किंवा बाबा येऊ शकतील का? १४ पैकी नऊ जण म्हणाले, शनिवारी कामावर असतात. आणि संध्याकाळी धाकट्यांना कोण सांभाळणार?
तेव्हा शनिवार रद्द. तीन गुरुवार, संध्याकाळी साडेसहाला. वक्ता नाही, तक्ते नाहीत, पिझ्झाही नाही. १५० डॉलर अकरावीच्या दोन मुलींना, त्या शेजारच्या खोलीत लहानग्यांना सांभाळतील. पत्रवाचनाची एक संध्याकाळ एप्रिलमध्ये, तेव्हाचे पैसे तेव्हा बघू.

कडूकारलं
गुरुवारी कोणी येणार नाही. लिहून ठेवा.

जुनाजाणता
वक्ता हवाच होता. मी झूमवर ४५ मिनिटं बोलू शकतो, विषय: माझा संघर्ष.

जर्सीचा_वाघ
सल्लागाराचा नंबर व्यनि केलाय.