वारसनोंदीसाठी पैशांची मागणी: तक्रार केल्यास मीच अडकेन का?

प्रश्न (ठाणे):
घोडबंदर परिसरातील वडिलोपार्जित जमिनीच्या वारसनोंदीची सर्व कागदपत्रे देऊनही फाइल पुढे सरकत नाही, आणि कार्यालयाबाहेरचा एजंट ‘साहेबांचं बघावं लागेल’ असे उघड सांगतो. पैसे देऊन नंतर तक्रार करावी का?

उत्तर १:
मुळीच नको. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा आहे. सक्तीने द्यावी लागली असेल, तरच सात दिवसांत कळवणाऱ्याला संरक्षण मिळते. त्याऐवजी आधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवावे. ते पंचांसमक्ष मागणीची पडताळणी करतात, नोटांना (त्या घेणाऱ्याच्या हाताला लागेल अशी) पावडर लावून त्या तक्रारदाराच्या हाती देतात आणि मगच सापळा लावतात.

उत्तर २:
सापळ्याची धास्ती वाटत असल्यास लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अधिसूचित (सरकारने मुदतीसह जाहीर केलेल्या) सेवेची मुदत उलटल्यावर अपील करता येते. मात्र तारखेची पोचपावती हट्टाने घ्यावी, कारण टाळाटाळ नेमकी तिथेच होते.

उत्तर ३:
हा प्रश्न एका फाइलपुरता नाही; भ्रष्टाचार लोकांच्या जिवावरही बेततो. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्यातील शिळफाटा येथे अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला, त्यांत मजुरांची कुटुंबे होती. त्या प्रकरणी बिल्डरांबरोबर महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली होती.