विषय: जन्मदाखल्यावर नावच नाही, बायकोचा जन्म कुवेतचा, अमेरिकेच्या ग्रीन कार्डच्या अर्जाला (आय-४८५) काय जोडायचं?

प्रेषक: संदीप

नमस्कार मंडळी,

वकीलबाईंनी शुक्रवारपर्यंत कागद मागितलेत, म्हणून थेट विचारतो. आय-१४० (नोकरीवरून ग्रीन कार्ड मागणारी याचिका) मंजूर आहे, ईबी-२ म्हणजे नोकरीचा दुसरा वर्ग, प्रायॉरिटी डेट (रांगेतल्या नंबराची तारीख) २०१६. जन्म १९७६, आचरे, ता. मालवण. ग्रामपंचायतीचा दाखला आहे, पण नावाचा रकाना कोरा. फक्त लिंग, तारीख आणि आईवडिलांची नावं. वर जिल्हा सिंधुदुर्ग, आणि पासपोर्टवर जन्मस्थान रत्नागिरी.

सुप्रियाचा जन्म १९८२, कुवेत. सासरे मूळचे दापोलीकडचे, तेव्हा तिथे नोकरीला होते. पासपोर्ट भारतीय. गणपतीच्या जेवणावळीत कुणीतरी म्हणालं होतं की तिच्या जन्मस्थानाचा मला फायदा होतो. खरं आहे का? आणि मालवणातला एक एजंट आठ दिवसांत 'नवीन कोरा दाखला' काढून देतो म्हणतोय. त्याला होकार कळवू का?

संदीप

---

प्रेषक: मंडळ सचिव

संदीप, इमिग्रेशनचे प्रश्न वेगळ्या यादीवर घ्यायचे असं वार्षिक सभेत ठरलं आहे. इथे सध्या दिवाळी फराळाच्या ऑर्डरी चालू आहेत आणि त्या या धाग्यांत हरवतात. मंडळाच्या फाइल्समध्ये 'कागदपत्रे – प्रश्नोत्तरे' आहे, ती आधी पाहावी.

चकलीचे आकडे उद्या रात्रीपर्यंत कळवा.

---

प्रेषक: शिरीष

संदीप, फायदा नाही. वहिनींचा पासपोर्ट भारतीय, आईवडील भारतीय. कुवेत आपल्या लोकांना नागरिकत्व देत नाही, म्हणजे त्या कुवेतच्या होत नाहीत. दोघेही भारताच्याच रांगेत. दाखल्याचं म्हणशील तर एजंटकडून करून घे, गावात हेलपाटे कोण घालणार.

---

प्रेषक: विद्याताई

> कुवेत आपल्या लोकांना नागरिकत्व देत नाही, म्हणजे त्या कुवेतच्या होत नाहीत

शिरीष, नागरिकत्वाचा इथे संबंधच नाही. ग्रीन कार्डची रांग जन्माच्या देशावर ठरते, पासपोर्टवर नाही. दरवर्षी नोकरीच्या वर्गात साधारण १,४०,००० व्हिसा, आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून जास्त मागे आहे ती या मर्यादेमुळे. कुवेतमध्ये जन्मलेली व्यक्ती व्हिसा बुलेटिनच्या (रांग कुठल्या तारखेपर्यंत आली हे सांगणारं अमेरिकी सरकारचं मासिक पत्रक) पहिल्या, म्हणजे 'बाकी सर्व देश' या रकान्यात मोजली जाते. त्या रकान्यातही अधूनमधून कट-ऑफ तारीख लागते, म्हणजे त्याआधीच्या प्रायॉरिटी डेटवाल्यांनाच पुढे जाता येतं, पण २०१६ ची प्रायॉरिटी डेट तिथे अडत नाही.

कायद्यात नवराबायकोला एकमेकांच्या जन्मदेशाची रांग वापरता येते. त्यामुळे संदीप मुख्य अर्जदार असला तरी सुप्रियाच्या कुवेतवर त्याला जाता येतं. लग्न आय-१४० च्या आधी झालं की नंतर, याने फरक पडत नाही. आय-१४० पुन्हा भरायचा नाही, प्रायॉरिटी डेटही तीच राहते. मात्र दोघांचे आय-४८५ एकत्र जायला हवेत आणि मंजूरही एकत्रच व्हायला हवेत. बायकोचा अर्ज नंतर भरू म्हटलं की संदीपच्या अर्जाला आधारच उरत नाही. कव्हर लेटरच्या पहिल्या परिच्छेदात पत्नीच्या जन्मदेशानुसार रांग मागत असल्याचं स्पष्ट लिहायचं आणि लगेच मागे तिचा जन्मदाखला व लग्नाचा दाखला लावायचा. हे कागद तळाशी गेले तर टपाल उघडणारा माणूस 'जन्म भारत' एवढंच बघून अर्ज परत पाठवू शकतो. मेडिकलचा आय-६९३ सुद्धा २ डिसेंबर २०२४ पासून अर्जासोबतच लागतो. 'मागितला की देऊ' आता चालत नाही.

मुलांच्या जन्मदेशाचा आईबापांना उपयोग नाही. दुसऱ्या बाजूने एक अपवाद आहे: ज्या देशात मूल जन्मलं तिथे आईवडिलांपैकी कुणाचाच जन्म नाही आणि कुणाचं वास्तव्यही नव्हतं, तर मुलाला आईवडिलांच्या देशाची रांग घेता येते. सुप्रियाचे वडील तिथे नोकरीनिमित्त राहत होते, म्हणून तिला तो लागू नाही, आणि तिला तो नकोच आहे.

एजंटबद्दल नंदूकाकांनी लिहावं. ते आचऱ्यातच आहेत.

विद्या

---

प्रेषक: फरीदा

विद्याताईंनी रांगेचं सांगितलं, कुवेतच्या दाखल्याचं मी सांगते. दापोली, खेड, चिपळूणच्या कितीतरी घरांत हाच गुंता आहे.

कुवेतचा मूळ जन्मदाखला तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा आणि अरबीत असतो. भारतीय दूतावासातली जन्मनोंद हा वेगळा कागद आहे. ती आपल्या नागरिकत्वासाठी असते. पुष्कळ घरांत दूतावासाचा कागद इंग्रजीत म्हणून जपून ठेवलेला असतो आणि अरबी दाखला २ ऑगस्ट १९९० नंतर अम्मानमार्गे घाईघाईत निघताना मागे राहिलेला असतो. इथे मुख्य कागद अरबी दाखलाच. दूतावासाचा जोडीला लावा, त्याच्या जागी नको. मूळ हरवला असेल तर कुवेतमधल्या नातेवाइकाला अधिकारपत्र देऊन मंत्रालयातून दुसरी प्रत काढता येते. याला वेळ लागतो, म्हणून आजच कामाला लागा.

अरबीत नाव बापाच्या, आजोबांच्या नावासकट एका ओळीत असतं आणि 'प' अक्षर अरबीत नाही, त्यामुळे सुप्रियाचं 'सुब्रिया' झालेलं असणार. भाषांतरकाराने ते परस्पर सुधारायचं नाही. दाखल्यावर जसं आहे तसंच उतरवायचं आणि नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र वेगळं द्यायचं.

भाषांतराला नोटरी लागत नाही. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, आणि मला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराचं सहीनिशी प्रमाणपत्र पुरतं. मंडळाच्या फाइलमध्ये नोटरी हवीच असं लिहिलंय, त्यापायी लोक विनाकारण पैसे घालवतात. ते वाक्य कृपया काढा.

---

प्रेषक: मंडळ सचिव

फाइल २०१४ मध्ये समितीने वकिलांना विचारून तयार केली आहे. त्यात बदल समितीमार्फतच होतील. फरीदा, दुरुस्ती लेखी पाठवलीत तर पुढच्या बैठकीत ठेवतो.

---

प्रेषक: नंदूकाका (आचरे)

संदीप, झिला, एजंटला हो म्हणू नकोस. तो जे करतो त्याने दाखला मिळेल, पण केस बिघडेल.

'नवीन दाखला' म्हणजे काय ते समजून घे. मूळ नोंद नाही असं प्रतिज्ञापत्र करायचं आणि उशिरा नोंदणीचा आदेश आणायचा. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. एक वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद करायला १ ऑक्टोबर २०२३ पासून जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२५ मध्ये राज्याने उशिराच्या नोंदींची तपासणी आणखी कडक केली. आणि एवढं करून दाखल्यावर काय येणार? जन्म १९७६ चा, नोंदणी दिनांक या वर्षीचा. अमेरिकेतला अधिकारी आधी नोंदणी दिनांकच बघतो. जन्मानंतर वर्षभरात झालेली नोंद त्याला पुरते. पन्नास वर्षांनी केलेली दिसली की तो दुसरे पुरावे मागतो. तुझी मूळ नोंद १९७६ ची शाबूत आहे, हे तुझ्या हातातलं सोनं आहे. शिवाय नोंद असताना ती नाही असं लिहून देणं म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र.

तुला नवीन नोंद नको, जुन्या नोंदीत नाव दाखल करून हवं. कायद्याच्या कलम १४ मध्ये ही सोय आहे. बारा महिन्यांपर्यंत फुकट, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तुझी पंधरा वर्षं कधीच सरली, पण राज्य सरकार जुन्या नोंदींसाठी वेळोवेळी मुदत वाढवत आलं आहे. आज ती मुदत चालू आहे का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (आपले पूर्वीचे ग्रामसेवक) पहिल्या भेटीतच विचारायचं. चालू असेल तर अर्ज, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासपोर्टची प्रत आणि आईचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. नाव नीट ठरवून लिही. एकदा चढलं की पुन्हा बदलून मिळत नाही. पासपोर्टवर जसं आहे, अक्षर अन् अक्षर तसंच.

रजिस्टर मी पाहिलंय. नावाची ओळ मोकळी आहे आणि समासात जागा आहे. जुनी शाई न खोडता समासात नाव, तारीख आणि अधिकाऱ्याची सही, शिक्का. याच पद्धतीने चढलं पाहिजे. मग पोर्टलवरून मराठी-इंग्रजी दोन्ही असलेला दाखला निघतो, म्हणजे भाषांतराचाही प्रश्न मिटतो. निघाल्यावर नोंदणी दिनांक १९७६ चाच आहे ना, हे खिडकीवरून हलायच्या आधी बघायचं. डेटा भरणारा पोरगा तिथे आजची तारीख टाकतो, ही नेहमीची चूक.

ग्रामपंचायतीचं रजिस्टर वाळवीने गेलं असेल त्यांनी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना नंबर १४ शोधायचा. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात बहुधा 'मुलगा' एवढंच असतं, पण बापाचं नाव आणि तारीख असते. १ एप्रिल १९७० च्या आधीच्या जन्माला तर हाच मोठा आधार.

---

प्रेषक: संदीप

काका, मनापासून आभार. एजंटला नाही कळवलं.
जिल्ह्याचं काय? रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. आधी पासपोर्ट दुरुस्त करून घेऊ का?
मुदत बंद असली तर?

---

प्रेषक: विद्याताई

पासपोर्टला आत्ता हात लावू नकोस. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. १९७६ मध्ये मालवण तालुका रत्नागिरी जिल्ह्यातच होता, म्हणजे दोन्ही कागद आपापल्या जागी खरे आहेत. आय-४८५ वर जिल्हा विचारतच नाहीत, गाव आणि देश विचारतात. दाखल्यावर आहे ते गाव लिही, आचरे. सोबत अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण जोड: जन्माच्या वेळी हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात होतं, १ मे १९८१ पासून सिंधुदुर्गात आहे. अलिबाग, महाडकडच्यांचंही असंच. १९८१ आधीच्या कागदांवर कुलाबा, आता रायगड.

मुदत बंद असली तरी केस अडत नाही. बिननावाचा मूळ दाखला आहे तसा लाव. त्यामागे शाळा सोडल्याचा दाखला, कारण त्यात जन्मस्थळाचा रकाना असतो. आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या, या अर्जाशी संबंध नसलेल्या दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं. मामा, आत्या चालतात, पण १९७६ मध्ये त्यांचं वय जाणतं असायला हवं. प्रत्येकाने स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थान, तुझ्याशी नातं आणि हा जन्म आपल्याला कसा ठाऊक हे लिहायचं. 'मी त्यास लहानपणापासून ओळखतो' या एका ओळीवर प्रतिज्ञापत्र परत येतं. बाळंतपण कुठे झालं, आपण तेव्हा कुठे होतो, हे यायला हवं.

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून तर नाही ना? गुरुजींनी पहिलीत नाव घालताना सरसकट १ जून टाकलेली असायची. ग्रामपंचायतीच्या नोंदीत वेगळी तारीख असेल तर हा घोळ नावाच्या घोळापेक्षा मोठा. आज रात्रीच दोन्ही कागद शेजारी ठेवून बघ आणि कळव.

---

प्रेषक: शिरीष

जन्मदेशावरच सगळं असेल तर वेंगुर्ल्याच्या भाच्याचं विचारतो. त्याची आई १९५८ ची, गोव्यातल्या पेडण्याची, म्हणजे पोर्तुगीज अमलातली. लिस्बनला तिची जन्मनोंद करून त्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतलाय. इथे एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) आहे. त्याला पोर्तुगालची रांग मिळेल ना?

---

प्रेषक: विद्याताई

नाही. त्याचा जन्म वेंगुर्ल्याचा, म्हणून भारत. पासपोर्ट कुठलाही असो. आईच्या जन्माने त्याची रांग बदलत नाही, आणि बदलत असती तरी पेडणं आज भारतात आहे. जन्मदेश आजच्या सीमांवर मोजतात, १९ डिसेंबर १९६१ च्या आधीच्या नाही. त्याचं लग्न भारताबाहेर जन्मलेल्या मुलीशी झालं असेल तर संदीपसारखंच त्यालाही तिच्या रांगेत जाता येईल.

त्यापेक्षा महत्त्वाचं: भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व जातं. त्याने जुना पासपोर्ट परत केलाय का ते आधी विचार. केला नसेल आणि त्याच्यावर प्रवास चालू असेल तर तो लगेच थांबवावा, पासपोर्ट परत करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं. ओसीआयला (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड) ते लागतं.

---

प्रेषक: फरीदा

ओसीआयवरून एक. आईवडील, आजीआजोबा किंवा पणजीपणजोबा यांच्यापैकी कुणीही कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर ओसीआय मिळत नाही. कराचीत गेलेल्या कोकणी घराण्यांशी नाती असलेल्यांनी अर्जाआधी हे घरात नीट विचारावं. चुलता किंवा मामा तिकडे गेला असेल तर आडकाठी नाही, सरळ वर जाणारी पिढीच बघतात. रकाना रिकामा सोडू नये आणि खोटं तर मुळीच लिहू नये. नंतर उघड झालं तर कार्ड रद्द होतं.

सचिव, भाषांतराची दुरुस्ती लेखी पाठवली आहे. बैठक होईपर्यंत निदान त्या वाक्याखाली 'तपासणी चालू' एवढं तरी घाला. लोक रोज ती फाइल उघडतात.

---

प्रेषक: मंडळ सचिव

घातलं. विद्याताई, जन्मदेश आणि रांगेवर एक पान लिहून द्याल का? समितीत ठेवतो.

---

प्रेषक: संदीप

ताई, तारीख दोन्हीकडे तीच आहे, १९ ऑगस्ट. वकीलबाई पत्नीच्या जन्मदेशावर अर्ज करायला तयार आहेत. सुप्रियाचा अरबी दाखला सासऱ्यांच्या ट्रंकेत सापडला. काका, आईला सोमवारी ग्रामपंचायतीत पाठवू का?

---

प्रेषक: नंदूकाका (आचरे)

सोमवार नको. अधिकाऱ्यांकडे दोन गावं आहेत, आमच्याकडे ते मंगळवारी नि शुक्रवारी असतात. मंगळवारी सकाळी दहालाच जाऊ. परतीच्या पावसात दुपारनंतर वीज गेली की पोर्टल उघडत नाही. वहिनींना मी गाडीने नेतो, त्यांनी आधार आणि दोन फोटो घ्यावेत. शाळेचा दाखला तुझ्याकडे आहे, त्याची स्वच्छ रंगीत प्रत आज मेल कर, मी मालवणात छापून घेतो. प्रतिज्ञापत्राचा मसुदा मराठीतच पाठव, वहिनींना वाचून सही करता आली पाहिजे.