ग्वाल्हेर दोन दिवसांत: जय विलास आणि किल्ला कसा बसवावा?

पायपीट_कोथरूड
नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ग्वाल्हेरचं ठरतंय. आम्ही दोघं आणि आई-बाबा. आई अजून टेकडी चढते, बाबांचे गुडघे मात्र पायऱ्या उतरताना दुखतात. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने मंगळवारी संध्याकाळी पोहोचू, गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने दिल्लीला निघू. म्हणजे हातात पूर्ण दिवस दोनच.

डोक्यात असं आहे: बुधवारी सकाळी जय विलास (शिंद्यांचा राजवाडा), दुपारी जेवून किल्ला. गुरुवारी गुजरी महाल, तानसेनची कबर, बाजार. किल्ल्याला अर्धा दिवस पुरतो का? वर गाडी जाते का? आणि राहायचं कुठे, स्टेशनजवळ की लष्कर भागात?

गोपाचल
आधी बुधवार बदला. जय विलासचं संग्रहालय बुधवारी बंद असतं. गुजरी महालाचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, ते तुमच्या आड येत नाही. तेव्हा बुधवार किल्ल्याला आणि गुरुवार महालाला द्या.

अर्धा दिवस पुरत नाही. आणि दुपारी जेवून किल्ल्यावर जाणं तर नकोच, कारण मानमंदिराची (नाव मंदिर, पण हा किल्ल्यावरचा महाल) खरी दर्शनी भिंत पूर्वेकडे आहे. निळ्या फरशांवर ऊन पडतं ते सकाळी. दुपारनंतर ती बाजू सावलीत जाते आणि फोटोत नुसता करडा दगड दिसतो. दक्षिणेच्या भिंतीवर पिवळ्या बदकांची ओळ, हत्ती आणि केळीची झाडं आहेत. तिथे दहा मिनिटं उभे राहा. राजा मानसिंह तोमरच्या काळातलं (१४८६ ते १५१६) हे काम, आणि रंग अजून जागेवर आहेत.

वर जायला वाटा दोन. पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने गाडी वर जाते. ऑटोवाले बऱ्याचदा दरवाजापाशीच सोडतात, म्हणून दिवसभरासाठी चारचाकी ठरवा आणि "वर मानमंदिरापर्यंत" असं आधीच बोलून घ्या. याच रस्त्याला कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, बहुतेक १५ व्या शतकातल्या. गाडी थांबवायला सांगा, नाहीतर ड्रायव्हर सरळ वर नेतो. सगळ्यात उंच मूर्ती ५५ फुटांच्या वर आहे. चेहरे बाबराच्या हुकमावरून फोडले गेले. काहींची डागडुजी नंतर झाली, ती लगेच ओळखू येते.

दुसरी वाट पूर्वेकडची, गुजरी महालापासून हत्ती पोळ दरवाजापर्यंत. फक्त पायी, फरसबंद आणि चांगलीच चढाची. चतुर्भुज मंदिर याच वाटेवर आहे. एकाच दगडात कोरलेलं, खोलीएवढं देऊळ. आतल्या शिलालेखात इ.स. ८७६ ची नोंद आहे: फुलबागेसाठी २७० हात बाय १८७ हात जमीन, आणि रोज ५० माळा. त्यातल्या २७० आणि ५० मधली शून्यं आजच्यासारखीच गोल आहेत, फक्त आकाराने लहान. दार बंद दिसलं तर आसपासच्या रखवालदाराला विचारा. गाडीने वर जाऊन गाडीनेच खाली येणाऱ्यांचं हे देऊळ हमखास सुटतं.

म्हणून माझा क्रम: गाडीने उरवाईवरून वर, सास-बहू आणि तेली मंदिर बघून मानमंदिर, मग हत्ती पोळने चालत खाली, शेवटी गुजरी महाल. गाडी खाली बोलावून घ्यायची.

चढउतार
क्रम दोन ठिकाणी पटला नाही. एक, सकाळचं ऊन मानमंदिरावर असतं असं वर स्वतःच लिहिलंय, मग ते शेवटी कशाला? उघडताक्षणी मानमंदिर, नंतर बाकीचं. सास-बहू आणि तेली मंदिर कुठल्याही उजेडात चांगलीच दिसतात. तेली मंदिराचं शिखर जवळजवळ ३० मीटर उंच आहे आणि माथा गोपुरासारखा आडवा आहे. उत्तरेत असं देऊळ विरळाच.

दोन, प्रश्नात स्पष्ट लिहिलंय की बाबांना उतरताना त्रास होतो. हत्ती पोळचा उतार म्हणजे गुळगुळीत झालेला दगड आणि सलग ढाळ. गुडघ्यांना चढापेक्षा उतारच वाईट. त्यापेक्षा घरातले दोन गट करा. आई आणि तुमच्यापैकी एकजण सकाळी पूर्वेच्या वाटेने चढा. निवांत पाऊण तास धरा, वाटेत चतुर्भुज मंदिर होईल आणि मानमंदिराची कड्यावरची बाजू खालून वर बघायला मिळेल, जी वरून दिसतच नाही. बाबा आणि दुसरं कुणी गाडीने वर. भेटायचं मानमंदिराच्या तिकीट खिडकीपाशी. उतरताना सगळे गाडीत, आणि गाडी वळसा घालून गुजरी महालाशी.

मानमंदिरातही बाबांना वरच्या दोन चौकांवर थांबवा. तळघराचे दोन मजले बघण्यासारखे आहेत, पण जिना अरुंद, पायऱ्या उंच आणि अंधार. टॉर्च न्या, वटवाघळांचा वास येईल ही तयारी ठेवा. खाली गोल खांबांचं दालन आहे, झोपाळ्याच्या कड्या दाखवतात. मोगलांनी याच किल्ल्याचा कैदखाना केला. औरंगजेबाने भाऊ मुरादला १६६१ मध्ये इथेच मारलं. गाईड प्रत्येक कडीला फाशीची गोष्ट चिकटवतात, तिकडे कानाडोळा करा.

मानमंदिराचं तिकीट टाकू नका, सास-बहू आणि तेली मंदिरापाशी तेच मागतात. शेजारचे कर्ण महाल, जहांगीर महाल वगैरे राज्य पुरातत्त्वाकडे आहेत, त्यांचं तिकीट वेगळं. वेळ कमी असेल तर ते सोडा. पाणी, सावली आणि जेवण हवं असेल तर तेली मंदिराजवळ दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. लंगर असतो, डोकं झाकायला रुमाल ठेवा.

पायपीट_कोथरूड
बुधवारचं सांगितलंत ते फार बरं झालं. दोन गट करायची कल्पना घरी एकदम पास. गुजरी महालात नेमकं काय बघायचं? आणि गुरुवारी जय विलासला किती वेळ?

लष्करी_पेशा
गुजरी महाल: विचारायचं ते शालभंजिकेबद्दल. ग्यारसपूरची, हातभर उंचीची मूर्ती, पण कुलपात असते. मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही आणि लोक तशीच दालनं फिरून बाहेर पडतात. तिकीट काढतानाच "शालभंजिका देखनी है" म्हणा, किल्लीवाला माणूस येईपर्यंत बाकीचं बघून होतं. तिथून हजीरा भाग, जिथे तानसेनची कबर आहे, ऑटोने थोड्याच अंतरावर. मोठी इमारत म्हणजे सूफी संत महंमद घौसची कबर, तिच्या दगडी जाळ्या आतून बघा. तानसेनची कबर बाहेर, साध्या चौथऱ्यावर. अर्धा तास खूप झाला.

जय विलास: दोन ते अडीच तास. उघडण्याच्या वेळी पोहोचा आणि पालख्या-बग्ग्यांच्या दालनांत रेंगाळू नका, कारण दरबार हॉल वरच्या मजल्यावर, शेवटाकडे आहे आणि तिथे पोहोचेपर्यंत लोक दमलेले असतात. जयाजीराव शिंद्यांनी हा महाल १८७४ मध्ये पुरा केला, मायकेल फिलोसच्या आराखड्यावर, प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या तयारीत. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. छत पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले होते असं सांगतात. झुंबरं टांगणाऱ्या छताकडे सगळे बघतात, खालचा गालिचा कैद्यांनी विणलेला आहे तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी आणि काचेच्या कठड्याचा जिना वाटेतच लागतात. मराठा सरदार घराण्यांवरचं नवं दालन आपल्या माणसांनी चुकवू नये, पण मजकूर भरपूर आहे. सगळा वाचत बसलात तर दरबार हॉल राहील. जिने आहेत, बाबांना सावकाश न्या.

महालातून फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी जवळच. जून १८५८ मध्ये जयाजीराव आग्र्याला निघून गेले आणि राणी इथे पडली. एकाच सकाळी दोन्ही ठिकाणं बघताना हे डोक्यात असू द्यावं.

दुपारी महाराज बाडा, म्हणजे लष्करातला मुख्य चौक. गोरखी महाल, म्हणजे जय विलासच्या आधीचा शिंद्यांचा वाडा, इथेच. वानवडीची महादजींची छत्री पाहिलेली असेल तर छत्री बाजारातल्या शिंद्यांच्या छत्र्याही बघा. तिथे शांतता असते आणि दगडावरचं कोरीव काम जवळून, हात लांब करण्याइतकं जवळून दिसतं.

राहायचं लष्करात, बाड्यापासून थोडं बाजूला. स्टेशनसमोर स्वस्त पडतं, पण गाड्यांचा आवाज रात्रभर.

चढउतार
एक राहिलं. किल्ल्यावरचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम आधी हिंदीत, मग इंग्रजीत असतो. नोव्हेंबरात अंधार लवकर पडतो, त्यामुळे हिंदी खेळ लवकर संपतो आणि आई-बाबांना तोच सोयीचा. मात्र सकाळपासून वरच थांबू नका. दुपारी हॉटेलवर येऊन पडा आणि संध्याकाळी परत जा. गाडी परतीच्या बोलीनेच ठरवा, रात्री वर काही मिळत नाही. स्वेटर घ्या, पठारावर वारा लागतो.

गोपाचल
मानमंदिर आधी, हे मान्य.

गजक न्यायची असेल तर गुरुवारीच घ्या आणि पुठ्ठ्याच्या डब्यात, कपड्यांच्या वर ठेवा. पिशवीत तळाला गेली की घरी चुरा पोहोचतो. सकाळी बेडई-भाजी (डाळ भरलेली पुरी आणि भाजी) नऊच्या आत खाऊन घ्या, नंतर कढया उतरतात. आणि दतियाचा सात मजली महाल पाऊणशे किलोमीटरवर आहे म्हणून गुरुवारी त्यात कोंबू नका. जाऊन-येऊन अख्खी दुपार जाते आणि संध्याकाळची गाडी धोक्यात येते.