नागपूर विद्यापीठात नाव घेण्यासारखं खरंच काय आहे?

वैनगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. माझं बीए झालं, इतिहास घेऊन, आता एमएला प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व घ्यायचं डोक्यात आहे. मी मूळची भंडारा जिल्ह्यातल्या पवनीची, सध्या नागपुरात मावशीकडे राहते. तर झालं असं की पुण्यातल्या मावसभावाने घरी येऊन लेक्चर दिलं, पुरातत्त्व म्हणजे डेक्कन कॉलेज, बाकी सगळं टाइमपास, नागपूर विद्यापीठाची डिग्री घेऊन काय लोणचं घालणार आहेस का वगैरे. आता बाबांनाही तेच पटून राहिलं. पण पुण्यात राहायचा खर्च कोण करणार, आणि मला स्वतःला इथे राहायचं आहे. रँकिंगच्या लिंका टाकू नका प्लीज, त्या मीही पाहिल्या. या विद्यापीठाने खरंच काही केलं असेल तर ते सांगा, म्हणजे बाबांसमोर बोलायला तोंड राहील.

झिरोमाईलवाला:
काऊन घाबरून राहिली बाई, यादीच घे ना. 4 ऑगस्ट 1923 ला सुरू झालेलं विद्यापीठ आहे आपलं, शंभरी पार केली. सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू. हिदायतुल्ला साहेब इथल्या मॉरिस कॉलेजचे, देशाचे सरन्यायाधीश अन् मग उपराष्ट्रपती झाले, त्याआधी इथे लॉ फॅकल्टीचे डीनही होते. शरद बोबडे, माजी सरन्यायाधीश, एलएलबी इथलंच. गडकरी, फडणवीस तर सगळ्याइलेच माहीत हायेत. जानेवारी 2023 मध्ये 108 वी इंडियन सायन्स काँग्रेस कुठे भरली? इथेच. अन् एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी! कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात जवळपास 35 लाख रुपये ठेवले होते विद्यापीठासाठी, 1930 च्या काळातले 35 लाख, विचार कर. त्यातून 1942 मध्ये एलआयटी उभं राहिलं. सांग तुझ्या भावाले.

साधा_प्रश्न:
@झिरोमाईलवाला भाऊ, एलआयटी 2023 पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, ते आता यादीतून काढा. आणि मोठी माणसं शिकली म्हणजे विद्यापीठ मोठं हे काही मला पटत नाही, ती माणसं कुठेही शिकली असती तरी मोठी झाली असती. ताईंनी पुरातत्त्वाचं विचारलं आणि तुम्ही सायन्स काँग्रेसचा मांडव दाखवून राहिले.

खापरवेडा:
पुरातत्त्वाचं मी सांगतो, थोडं लांबेल, पण वाचा.

ताई, तुम्ही पवनीच्या आहात ना, मग तुमच्या गावातूनच सुरू करू. जगन्नाथ टेकडी माहीत असेलच. तिथला स्तूप 1969-70 मध्ये खणून काढला तो नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या हाताखाली. कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली सापडली, आणि त्याचा रिपोर्ट विद्यापीठानेच छापला. आता गंमत बघा, हेच देव सर पुढे डेक्कन कॉलेजचे संचालक झाले! तर तुमच्या मावसभावाला विचारा की ज्या कॉलेजचं नाव तो घेतो त्याच्या संचालकाने विदर्भातली एवढी मोठी कामं कोणत्या विद्यापीठात असताना केली.

पवनीच्या आधी बुटीबोरीजवळचं टाकळघाट-खापा, आणि नंतर माहूरझरी. दोन्हीकडे लोहयुगातली दगडी वर्तुळं, म्हणजे माणसाला पुरायचं आणि भोवती मोठ्या दगडांचं रिंगण करायचं. माहूरझरीत माणसांसोबत घोडेही पुरलेले निघाले, घोड्याच्या अंगावरचे तांब्याचे दागिने निघाले, लोखंडी हत्यारं निघाली, शिवाय मणी बनवायचं ते मोठं केंद्र होतं. विदर्भाचा लोहयुगातला इतिहास लिहायला बसलात की या दोन जागांशिवाय पहिलं पानही होत नाही. मग 1970 च्या दशकात कुही तालुक्यातलं मांढळ, तिथे अजयमित्र शास्त्री आणि चंद्रशेखर गुप्त यांनी खोदकाम केलं, दोघेही इथल्याच विभागाचे. वाकाटक (विदर्भातलं जुनं राजघराणं) काळातल्या बहुमुखी शैव मूर्ती तिथल्या, अशा मूर्ती दुसरीकडे शोधून सापडत नाहीत.

आणि वाकाटकांवर बोलायचं तर वा. वि. मिराशी. मॉरिस कॉलेजात शिकवायचे, विद्यापीठात हा विभाग उभा करण्यातही तेच. वाकाटकांचे सगळे कोरीव लेख आणि ताम्रपट एकत्र करून त्यांनी 1963 मध्ये जो खंड काढला तो आजही टेबलावर लागतो. अजिंठा बघायला येणारे लोक वाकाटक हा शब्द ऐकतात ना, त्यामागे नागपूरच्या या माणसाचा मोठा हात आहे. हे यश मला सायन्स काँग्रेसपेक्षा मोठं वाटतं, प्रत्येकाची आपली आवड.

साधा_प्रश्न:
वाचलं, जबरदस्त आहे, मान्य. पण हे सगळं 50 वर्षांपूर्वीचं. मिराशी आता शिकवायला येणार नाहीत.

निवृत्त_मास्तर:
एक गोष्ट कोणीच सांगितली नाही म्हणून लिहितो. 1938 साली निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हटलं म्हणून शेकडो पोरांना काढून टाकलं, त्यात आपल्या मराठवाड्यातलीही होती. दुसरीकडे प्रवेश मिळेना. तेव्हा कुलगुरू केदार यांनी नागपूर विद्यापीठाची दारं उघडली आणि त्या पोरांनी इथे येऊन शिक्षण पूर्ण केलं. पी. व्ही. नरसिंहराव त्याच आंदोलनातले, कायद्याचं शिक्षण नागपूरचं, पुढे पंतप्रधान. साधा प्रश्न साहेब, तुम्ही म्हणता ती माणसं कुठेही शिकली असती, पण इथे तर उलटं होतं, कुठेच शिकता येत नव्हतं म्हणून ती इथे आली. इंग्रजांचं राज्य असताना असा निर्णय घ्यायला छाती लागते, आणि माझ्या लेखी विद्यापीठाची हीच सगळ्यात मोठी कमाई.

दुसरं, आज हे विद्यापीठ चार जिल्ह्यांचं दिसतं, नागपूर वर्धा भंडारा गोंदिया, म्हणून लोक लहान समजतात. एकेकाळी जबलपूरपर्यंतची कॉलेजं याच्याकडे होती. इथेच कुलगुरू राहिलेल्या सर हरिसिंग गौर यांनी 1946 ला स्वतःच्या पैशाने सागर विद्यापीठ काढलं, 1983 ला अमरावती वेगळं झालं, 2011 ला गडचिरोलीचं गोंडवाना. मुलं वेगळी निघाली की बापाचं घर रिकामं वाटतं, तसं झालंय थोडं.

(जाता जाता, विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचं नाव 2005 मध्ये दिलं, आणि महाराजांचं मोझरी मात्र आता अमरावती विद्यापीठात. असो.)

वर्धेची_पोर:
मला इतिहासातलं काही कळत नाही पण एक सांगते, आमच्या घरात ग्रॅज्युएट झालेली मी पहिली, आणि झाले ते गावाजवळच्या कॉलेजमुळे, जे याच विद्यापीठाला जोडलेलं आहे. बाबा मला पुण्याला काय नागपूरलाही पाठवत नव्हते. अशा किती मुली असतील. हे कोणत्या रँकिंगमध्ये येतं मला माहीत नाही.

वैनगंगाकाठ:
बाप रे एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. जगन्नाथ टेकडीच्या बाजूने मी लहानपणापासून जाते आणि कोणी खोदली हे कधी विचारलंच नाही. खापरवेडा दादा, पण साधा प्रश्न सरांचं म्हणणं राहिलंच ना, आज विभागात काय परिस्थिती हे कसं कळणार?

खापरवेडा:
त्यांचं म्हणणं बरोबर आहे, जुन्या नावावर अ‍ॅडमिशन घेऊ नका. राज्यभरातल्या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, त्यामुळे आधी प्रत्यक्ष विभागात जा आणि विचारा की परमनंट शिक्षक किती, कोण काय शिकवतं, गेल्या वर्षी मुलांना फील्डवर कुठे नेलं, ब्राह्मी आणि नाणी कोणी शिकवतं का, पीएचडीला गाइड मिळेल का. सीनियर मुलं गाठा, ती कॅन्टीनमध्ये खरं सांगतात. उत्तरं बरी वाटली तर बिनधास्त इथे घ्या, कारण विदर्भावर काम करायचं असेल तर साइट्स सगळ्या तास-दोन तासांवर आहेत, पुण्याच्या पोराला त्यासाठी रात्रभर गाडीत बसावं लागतं. फील्ड ट्रेनिंगच होत नसेल तर मात्र पुण्याची एंट्रन्स देऊन ठेवा, दोन्ही फॉर्म भरायला काय जातं.

झिरोमाईलवाला:
अन् बाबांना एखाद्या रविवारी माहूरझरीला घेऊन जा, काटोल रोडनं. उन्हं चढायच्या आत पोहोचा फक्त.