दृढीकरणाच्या वर्गातल्या मुलांचा विश्वास ‘घरचा’ न राहता ‘स्वतःचा’ कसा होईल?

होटगीरोड_वाचक
सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. सोलापुरातल्या आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) दृढीकरणाचा, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या तयारीचा, वर्ग सुरू होतोय. मुलं चौदा ते सतरा वयाची, सगळ्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, मतांगीकार (आपण काय मानतो ते सांगणारी विश्वासाची कबुली) तोंडपाठ. पण ‘येशू तुझ्यासाठी कोण?’ असं विचारलं की पाठ केलेलंच वाक्य येतं. काही मुली म्हणतात, उज्जीवन सभेत (विश्वास नव्याने जागवण्यासाठीच्या मोठ्या प्रार्थनासभेत) फार भरून आलं होतं, आता काहीच वाटत नाही, मग विश्वास गेला का? एकाला मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा असं वाटतंय. हाताशी दहा रविवार आहेत, प्रत्येकी एक तास. सुरुवात कुठून करू?

मार्क_सोळा
ताई, प्रश्नोत्तरांची वही काही काळ बाजूला ठेवा आणि मार्कचं शुभवर्तमान अथपासून इतिपर्यंत वाचा. चार शुभवर्तमानांमध्ये सर्वांत लहान, अध्याय १६. दर रविवारी दोन, म्हणजे आठ रविवार. उरलेले दोन शेवटी लागतीलच.

मुलांनी आळीपाळीने मोठ्याने वाचावं, मध्ये कुणी समजावून सांगू नये. वाचून झालं की प्रत्येकाने वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: येशूने इथे काय केलं, समोरच्या माणसाने काय उत्तर दिलं, आणि मला काय पटत नाही किंवा कळत नाही. तिसरी गोष्ट सक्तीची ठेवा. ती रिकामी राहिली तर मुलं तुम्हाला आवडेल तेच लिहीत आहेत असं समजा.

पाठ उत्तराचा प्रश्न या पुस्तकातच सुटतो. येशू कोण आहे हे मार्कमध्ये सर्वांत आधी अचूक ओळखतात ते अशुद्ध आत्मे (१:२४, ५:७). म्हणजे माहिती बरोबर असूनही विश्वास नसतो. याकोब २:१९ तेच सांगतो. चौथ्या रविवारी आठवा अध्याय येईल. तिथे पेत्र ‘तू ख्रिस्त आहेस’ असं बिनचूक म्हणतो, आणि चारच ओव्यांनी, ८:३३ मध्ये, त्यालाच कडक शब्दांत धमकावलं जातं, कारण दुःख सोसणारा ख्रिस्त त्याला नको आहे. इथे घाई करू नका, पूर्ण तास द्या. मुलांना विचारा: ‘पेत्राचं उत्तर बरोबर होतं, मग चुकलं काय?’

जुने प्रोटेस्टंट धर्मसुधारक विश्वासाचे तीन भाग सांगत: माहिती, संमती, भरवसा. आपल्या वर्गांत पहिल्याची परीक्षा होते, दुसरा गृहीत धरतो, तिसऱ्याबद्दल कुणी विचारतच नाही.

शेवटचा अध्याय वाचताना सांगून टाका की १६:९–२० या ओव्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. हे मुलं मोबाइलवर वाचतातच. वर्गात आधी ऐकलं असेल तर धक्का बसत नाही.

जुनी_मिल_चाळ
भावनेबद्दल. सभेत रात्र असते, गाणी असतात, शेकडो माणसं एका सुरात प्रार्थना करतात, मन हेलावणारच. ते खोटं नाही. चूक होते ती त्यालाच पाया मानल्यावर: दरवर्षी हात वर करायचा, महिन्याभरात ओसरलं की स्वतःला दोष द्यायचा आणि पुढच्या सभेची वाट पाहायची. या मुलींना स्तोत्र १३ आणि ८८ शेजारीशेजारी वाचायला द्या. १३वं भरवशाकडे वळतं, ८८वं अंधारातच संपतं, आणि तरी ते देवाशीच बोलणं आहे. काहीच वाटत नसताना त्याच्याशी बोलत राहणं हाही विश्वासच. मार्क ९:२४ मधला बाप विश्वास आणि अविश्वास एकाच वाक्यात कबूल करतो, येशू त्याला परत पाठवत नाही.

दुसरी अडचण दहावीच्या वर्षी येते: प्रार्थनेचा सौदा होतो. परीक्षेत गुण कमी पडले की देवच नाही. निकालाच्या आधीच हबक्कूक ३:१७–१८ वाचून घ्या. अंजीर फुलत नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठा रिकामा, तरी संदेष्टा परमेश्वराच्या ठायी आनंद करतो. दुष्काळ पाहिलेल्या सोलापूरच्या मुलांना ही ओवी फोड करून सांगावी लागत नाही.

पाळकांचा_मदतनीस
बाप्तिस्म्याचं त्या मुलाला नीट सांगा, थट्टेवारी नेऊ नका. आपल्याकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या पुढे उत्तर भारतीय मंडळीत, म्हणजे सीएनआयमध्ये आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्यांचं ऐक्य झालं, त्यांत तान्ह्यांना बाप्तिस्मा न देणारे बॅप्टिस्टही होते. म्हणून तिथे बालबाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यावरचा बाप्तिस्मा, दोन्ही मान्य आहेत. पण एकदा झालेला पुन्हा देत नाहीत. आईवडिलांनी तेव्हा जे त्याच्या वतीने कबूल केलं, ते आता तो स्वतःच्या तोंडाने कबूल करतो, त्यासाठीच दृढीकरण. स्वतंत्र मंडळ्यांत बालबाप्तिस्मा धरत नाहीत, हेही स्पष्ट सांगा आणि त्याला पाळकसाहेबांशी एकट्याने बोलू द्या.

आईवडिलांनाही एकदा बोलवाच. ‘यंदा दृढीकरणाच्या यादीत नाव लागलंच पाहिजे’ हा हट्ट घरातून येतो. तयार नसलेल्या मुलाला एक वर्ष थांबू देण्यात कमीपणा नाही. १ करिंथ ११:२८ प्रभुभोजनाआधी (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीआधी) स्वतःची परीक्षा करायला सांगतं, ती दुसऱ्याने करून चालत नाही.

होटगीरोड_वाचक
फार उपयोगी. काही घरांत तेलुगू बोलतात, तिथे काय करू? आणि ते शेवटचे दोन रविवार?

मार्क_सोळा
वाचन मराठीत, पण तिसरी गोष्ट ज्या भाषेत घरी भांडतात त्या भाषेत लिहू द्या. प्रार्थनाही तशीच.

नवव्या रविवारी मतांगीकार घ्या. प्रत्येक वाक्यापुढे मुलांनी ‘कळतं’, ‘पटतं’, ‘यावर मी विसंबतो’ यांपैकी जे खरं असेल ते लिहावं, नाव न घालता. दहाव्याला प्रत्येकाने अर्धं पान स्वतःच्या शब्दांत लिहावं: येशूबद्दल मी काय मानतो, आणि या आठवड्यात त्यामुळे काय वेगळं करणार आहे. दुसरा भाग नेमका हवा: कुणाची माफी मागणार, कुणाची उधारी परत करणार. व्याकरण तपासू नका. कागद गोळा करू नका, त्यांच्याकडेच राहू देत.